नाताळचा गोठा: विकतचा संच की मंडळीने घडवलेला?

यंदा चर्चमधला ख्रिस्तजन्माचा देखावा नवा करायचा, इथपर्यंत सगळ्यांचं एकमत होतं. गाडी अडते ती मूर्तींवर. विकत आणायच्या की मिळून घडवायच्या? नाशिकच्या आमच्या मंडळीने दोन्ही करून पाहिलंय.

विकतच्या घ्यायच्या तर फायबरच्या घ्या. प्लास्टरच्या मूर्तींचे काढता-ठेवताना टवके उडतात. फायबर महाग पडतं, पण हलकं आणि टिकाऊ. पेटीतून काढलं, मांडलं, झालं. नाताळला आठवडाच उरला असेल किंवा राबणारे हात चारच असतील, तर खुशाल हाच मार्ग धरा.

नोव्हेंबर हाताशी असेल तर मात्र शाडू आणा. गणपतीच्या कारखान्यात विचारलं की मिळतो. गोठ्याला फारसा खर्चच नाही: ऑक्टोबरच्या गोडी छाटणीतल्या द्राक्षाच्या काड्या तोवर वाळलेल्या असतात, त्यांचं छप्पर करा. भाताचा पेंढा इगतपुरीकडून येतो. १२२३ साली संत फ्रान्सिस यांनी इटलीतल्या ग्रेच्चो गावी देखावा मांडला, तोही गवत, बैल आणि गाढव एवढ्यावरच.

शाडूला घाई चालत नाही. आपल्याकडच्या थंडीत तो सावकाश सुकतो, आणि उन्हात ठेवला तर तडकतो. पहिल्या वर्षी आम्ही उंटाची मान तारेवर चढवली. माती आकसली, तार कशी आकसणार? बरोबर मानेतच तडा गेला. तेव्हापासून मातीत बारीक कातरलेला काथ्या कालवतो आणि उंट बसलेलाच करतो. मेंढरंही बसलेली. त्यांची लोकर मुलांकडे: ओल्या पाठीवर अंगठ्याने खळगे दाबत जायचे. प्रत्येक मेंढराच्या पाठीवर वेगळ्या मापाचा अंगठा उमटतो. मरीयेच्या पदरासाठी एका आजीने आपलं मऊ झालेलं लुगडं फाडून दिलं, काठ स्वतः बसून शिवला. विकतच्या संचापुढे लोक फोटो काढून पुढे सरकायचे. आता मुलं आईला ओढत नेतात, ‘हे माझं मेंढरू’ म्हणून.

पावसाळ्यात मातीला ओल लागते, हा मोठा तोटा. वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर कोरड्यात ठेवा. एखादं मेंढरू फुटलंच, तर भिजवून तीच माती पुन्हा वापरता येते. फुटलेल्या फायबरचं काय करणार?

काही जण सुचवतात, मरीया, योसेफ आणि बाळ विकतचे आणा, बाकीचं मातीचं करा. चेहरे बिघडतील ही भीती. मला हे पटत नाही. गुळगुळीत रंगवलेल्या चेहऱ्यांशेजारी मातीचे मेंढपाळ परके दिसतात. करायचं तर सगळं एका हातचं करा, चेहरे थोडे ओबडधोबड झाले तरी चालतील.

जिवंत देखावा संडे स्कूलच्या मुलांना आवडतो, पण तो एका संध्याकाळपुरता.

मूर्ती कुठल्याही असोत, पेंढ्याजवळ मेणबत्ती नको, एलईडीची माळच लावा. २४ च्या मध्यरात्रीपर्यंत गव्हाण रिकामी ठेवा. पूर्वेकडचे मागी, म्हणजे बाळाच्या दर्शनाला आलेले ज्ञानी लोक, दारापासून रोज हातभर पुढे सरकवत ६ जानेवारीला, तीन राजांच्या सणाला, बाळापाशी आणायचे असतील, तर तेवढ्यापुरतं फायबर सोयीचं. आमचा मातीचा उंट हलवायला दोघं लागतात, आणि त्यासाठी रोज कोणी ना कोणी दोघं येतात.