भाऊजींना ९६, मला ३१: केबलवाल्याच्या फायबरचा दीड वर्षाचा अनुभव

आमच्या आणि चुलत दिरांच्या घरामध्ये जांभ्याचा एक गडगा आहे आणि गडग्याला टेकून एक फणस. तिकडे पडवीत कोणी खाकरलं तर इकडे कळतं, इतकंच अंतर. केबलवाला एकच. प्लॅनही एकच, १०० एमबीपीएसचा. ५९९ रुपये आणि वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे महिन्याला ७०७. जोडणीसुद्धा एकाच दिवशी झालेली. तरी भाऊजी संध्याकाळी फोन घेऊन गडग्याशी येणार आणि "वहिनी, हे बघा, ९६" म्हणून स्क्रीन माझ्या नाकासमोर धरणार. त्याच वेळी माझ्या फोनवर ३१.

मी पेटी शिकवते. रत्नागिरीत घरी येणारी मुलं सहा, बाकीची ऑनलाइन: पुण्याची दोन, बडोद्याची दोघं भावंडं आणि सिंगापूरची एक मुलगी. ऑनलाइनवर दोघांनी एकत्र वाजवायचं नसतं. आवाज पोचायला जो क्षणभर लागतो तेवढ्यात ताल मागे पडतो. म्हणून आधी मी वाजवायचं, मग मुलांनी. पण मधेच आवाज तुटला तर नेमका तीव्र मध्यम गिळला जातो आणि तिकडे मूल खुशाल शुद्ध मध्यम घोटत बसतं. गेल्या पावसाळ्यात हे इतकं वाढलं की बडोद्याच्या आईने अगदी गोड आवाजात विचारलं, "ताई, तुमच्याकडे नेटचं काही बिनसलंय का?" तेव्हा मला भाऊजींच्या त्या ९६ चा जो काही राग आला, तो सांगण्यात अर्थ नाही.

केबलवाल्याला फोन लावला. पहिल्या दिवशी उत्तर आलं, राउटर बंद करून चालू करा. दुसऱ्या दिवशी, पाऊस आहे ना काकी. तिसऱ्या दिवशी फोन उचललाच नाही. चौथ्या दिवशी केबलवाल्याकडे काम करणारा मुलगा आला, आणि खाली मी जे तारे दिलेत त्यातले बहुतेक त्याचे आहेत.

त्याने माझ्या फोनकडे बघितलंसुद्धा नाही. बाहेरून येणारी फायबरची तार जिला लागते आणि जिथून राउटरला नेट मिळतं, त्या डबीच्या मागची बारीक तार काढली, तिच्या टोकाला हिरवं बोंडूक असतं ते खिशातल्या मीटरमध्ये खुपसलं आणि म्हणाला, "मायनस २७.४. काठावर आहे काकी." मी म्हटलं, पलीकडेही मोज. तो गडगा ओलांडून गेला आणि दोन मिनिटांत ओरडून आकडा सांगितला: मायनस २१.३. आता आकडे उणे असले की कुठला मोठा, कुठला लहान हे मला चटकन कळत नाही. त्याने सांगितलं की फायबरमधून नेट उजेडाच्या रूपात येतं, आणि तो उजेड किती येतोय त्याचं हे माप. ३ने घसरलं की उजेड निम्मा, ६ने घसरलं की पाव.

म्हणजे भाऊजींच्या पाव. का बरं? तर नाक्यावरच्या खांबावरून जी तार निघते ती खांबाखांबावर कपलर लावून फोडलेली आहे. कपलर म्हणजे आलेल्या उजेडातला थोडा हिस्सा इकडच्या घरांना काढायचा आणि उरलेला पुढे सोडायचा. पोफळीच्या वाडीत पाटाचं पाणी सोडतात तसंच. वरच्या आळ्यात वळवलं, राहिलं ते खाली. भाऊजी वरच्या खांबावर, आम्ही खालच्या. पाण्यावरून दोन घरांत काय काय होतं ते या आळीत मला कोणी सांगायला नको.

पाव उजेड, तिसरा हिस्सा स्पीड. मला वाटलं, झालं, हिशोब लागला. तर तो हसला. "तसं नाय काकी. उजेड पुरेसा आहे तोवर पेपर सगळ्यांना सारखाच वाचता येतो. कमी पडला की अक्षरं लागत नाहीत. मग तीच ओळ परत परत वाचायची." आणि त्याने आपल्या बॅगेतली लॅनची वायर काढून माझ्या लॅपटॉपला थेट जोडली. ९४! त्या डबीचं पोर्टच १०० चं आहे आणि त्यातून ९४-९५ च बाहेर पडतात. बाकीचे पाकिटांवरचे पत्ते लिहिण्यात जातात म्हणा.

मग माझे ६३ गेले कुठे? हवेत.

राउटर माजघरात लोखंडी कपाटावर होता, कपाटाच्या मागच्या अंगाला, कारण तो दिसायला वाईट दिसतो. माझी पेटीची खोली दीड फुटी जांभ्याच्या भिंतीपलीकडे. राउटर जुना, वायफायच्या फक्त २.४ गीगाहर्ट्झच्या पट्ट्यावर चालणारा. भाऊजींचा नवीन, ५ गीगाहर्ट्झवालाही, पडवीतच ठेवलेला, आणि स्पीड मोजताना ते त्याच्या शेजारी उभे. ती लढत बरोबरीची नव्हतीच. शिवाय आणखी एक गोष्ट निघाली. २.४ मध्ये एकमेकांत न मिसळणारी चॅनेलं तीनच, १, ६ आणि ११. आमचे दोन्ही राउटर ६वर. भाऊजींचा टीव्ही दिवसभर नेटवर चालू असतो आणि तोही याच ६वर, माझ्या खिडकीपासून पंधरा फुटांवर. एक बोलत असेल तर दुसऱ्याने थांबायचं, असा वायफायचा शिरस्ता आहे. त्यामुळे माझं निम्मं आयुष्य भाऊजींच्या मालिका संपायची वाट बघण्यात जात होतं. मुलाने माझा ११वर हलवला. भाऊजींना हे मी अजून सांगितलेलं नाही.

पण मग मला शंका आली. व्हिडिओ कॉलला लागतात ३-४ एमबीपीएस. ३१ म्हणजे त्याच्या आठपट. मग तीव्र मध्यम का गळतो? त्याचंही उत्तर सापडेना. तेवढ्यात पाऊस आला. आमच्याकडे पाऊस येतो तो सांगून येत नाही. मी सवयीने उठले, खिडकीची झडप ओढली, कडी घातली. डबीवर लाल दिवा.

"बघ," मी म्हटलं, "पाऊस आला की जातं म्हणते ते हेच."

तो खिडकीकडे बघत राहिला. "काकी, जरा उघडा." हिरवा. "लावा." लाल. "उघडा." हिरवा. असं तीन वेळा झालं.

जोडणी देताना तार खिडकीच्या चौकटीच्या कोपऱ्यातून आत घेतली होती. पावसाळ्यात लाकूड फुगतं, झडप घट्ट बसते आणि तार चौकटीत चेपून काटकोनात मोडते. आतली काच तुटत नाही, पण एवढ्या आवळ वळणावर उजेड वळत नाही, बाहेर सांडतो. भाऊजींची तार कौलांच्या खालून आत येते. तिथे झडपही नाही आणि कडीही नाही. एकूण काय, दीड पावसाळा मी स्वतःच्या हाताने नेट बंद करत होते आणि केबलवाल्याच्या नावाने बोटं मोडत होते. अर्थात तार तिथून घेतली त्यांनीच. तेव्हा बोटं अगदीच वाया गेली असं नाही.

दुरुस्ती मात्र बघण्यासारखी होती. ड्रिलने चौकटीबाहेर भोक पाडलं, चेपलेला हातभर भाग कापून टाकला आणि ओटीवर मांडी घालून बसला. काळं आवरण सोललं, आत एक रंगीत धागा, तो सोलल्यावर काचेचा तंतू. १२५ मायक्रॉनचा, केसापेक्षा जेमतेम जाड. उजेडाकडे धरला तरच दिसतो. स्पिरिटच्या कापसाने तो पुसला तेव्हा बारीक कुईं असा आवाज आला. "आवाज आला म्हणजे साफ झाली," म्हणाला. मग एका छोट्या यंत्रात घालून टोक कापलं. कापलेला तुकडा त्याने हातातल्या चिकटपट्टीवर टिपून घेतला, कारण पायात घुसला तर सापडत नाही. जुनं बोंडूक दाखवलं. त्यातलं टोक नीट कापलेलंच नव्हतं. नवीन लावून मोजलं: मायनस २२.१. चाळीस मिनिटं लागली. पैसे विचारले तर नको म्हणाला. कोकम सरबत घेतलं, तेही दोन पेले, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

पेटीच्या खोलीपर्यंत मी लॅनची वायर ओढून घेतली. नवा महागडा राउटर घेतला नाही. ५ गीगाहर्ट्झला वेग असेल, पण दीड फूट जांभा त्याला भेदवत नाही. तेव्हापासून वर्ग तुटलेला नाही. फेब्रुवारीत माकडांनी तार ओढून तोडली ते दोन दिवस सोडून. त्याला मी किंवा केबलवाला काय करणार!

आता तक्रारी. रात्री ९ ते साडेदहा हे नेट १०० चं नसतं. वायरवर सलग आठ दिवस मोजून वहीत लिहिलं आहे: ५२ च्या वर एकदाही गेलं नाही, एकदा ३८. डबीखालच्या लेबलवर जीपॉन लिहिलंय, म्हणजे एकाच फायबरवरून अनेक घरांना नेट वाटायची पद्धत. त्यात केबलवाल्याकडच्या यंत्राच्या एका पोर्टावर साधारण अडीच हजार एमबीपीएस येतात आणि ते तिथल्या सगळ्या घरांत वाटले जातात. ६४ घरांनी एकदम ओढलं तर वाट्याला ३९. सगळे एकदम ओढत नाहीत हे खरं. म्हणून खरी गोम केबलवाल्याने वरून किती लाइन विकत घेतली आहे त्यात असावी. मुलाला विचारलं, तर तो नुसता हसला. जाहिरातीच्या कागदावर रात्रीचा आकडा कुठेच नाही. "अनलिमिटेड" आहे, पण ३,३०० जीबीनंतर वेग पडतो हे खाली बारीक अक्षरात. माझं काही तिथवर जात नाही, घरात कॉलेजची मुलं असतील त्यांनी बघावं. आपल्याकडे २०२३ पासून ब्रॉडबँडची सरकारी व्याख्या २ एमबीपीएस आहे, त्याआधी ५१२ केबीपीएस होती, तेव्हा कायद्यावर बोट ठेवून भांडायलाही फारशी जागा नाही.

तांब्याच्या तारेवरचं जुनं नेट होतं तेव्हा वेग एक्सचेंजपासूनच्या अंतरावर ठरायचा. आम्ही दोघं सारखेच लांब, म्हणून दोघांचंही सारखंच रडगाणं. गडग्यावर तेव्हा वेगळे विषय असायचे.

पाचापैकी साडेतीन. त्यात मुलाचे अडीच, किमतीचा एक, आणि फोन उचलणाऱ्याला शून्य. नवीन जोडणी घेणाऱ्यांनी तार कुठून आत येते ते उभं राहून बघावं, खिडकीतून घेऊ देऊ नये. मीटरचा आकडा त्याच दिवशी डबीवर पेनने लिहून ठेवायला सांगावा, म्हणजे पुढे बिघडलं की किती घसरलं ते कळतं. स्पीड मोजायचा तो वायर लावून, आणि सकाळी एकदा, रात्री एकदा. वर्षाचे पैसे एकदम भरले तर दोन महिने फुकट मिळतात. मी तीन-तीन महिन्यांचेच भरते.

भाऊजी अजूनही गडग्याशी येतात, साधारण सहाच्या सुमाराला. रात्री नऊला मात्र कधी आलेले नाहीत.