फौजेतून गावी: गार्डची नोकरी की सरकारी भरती?

फौजेची पेन्शन दोन्हीकडे चालूच राहते, तो हिशेब सोडा. नागपूरजवळच्या बुटीबोरी एमआयडीसीत गार्डची नोकरी लवकर लागते; पण पाळी बहुधा बारा तासांची, ऐन कापूस वेचणीत सुट्टी मिळत नाही. एजन्सीच्या गोड बोलण्यावर जाऊ नका. ज्या महिन्याचा पगार, त्याच्या पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत एजन्सीला पीएफ भरावा लागतो, पीएफचे पासबुक उघडून पाहा.

राज्य शासनाच्या गट क-ड भरतीत माजी सैनिकांना १५ टक्के समांतर आरक्षण (प्रत्येक प्रवर्गाच्या जागांतच राखीव वाटा), वयातही सूट. मात्र जाहिरातीपासून निकालापर्यंत फार वाट पाहावी लागते. गाडी अडते ती कागदांवर: डिस्चार्ज बुकात ‘रामराव’, टीसीवर ‘रामचंद्र’. डिस्चार्ज बुकातली दुरुस्ती फौजेच्या रेकॉर्ड ऑफिसातून होते, म्हणून जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नाव नोंदवतानाच तपासा.

मुलांची फी डोक्यावर असेल तर गार्ड. शेती सांभाळून अभ्यास जमत असेल तर भरती.