निळा निळाच राहावा म्हणून: रंग ड्रॉपरने उचलावा, पिकरने बनवावा की आकड्यांनी द्यावा?

एप्रिल लागला की आमच्या तालुक्यात फ्लेक्सचं डिझाइन करणाऱ्याला जेवायची फुरसत नसते. १४ एप्रिलच्या जयंतीचे बॅनर असतात आणि लग्नसराईही त्यातच येते. एका वर्षी मी दहा बाय सहाचा जयंतीचा बॅनर केला. स्क्रीनवर मागचा निळा नुसता झळकत होता. छापून आला, समितीच्या पोरांनी तो दुकानासमोर उलगडला आणि त्यांच्यातले एक काका हळूच म्हणाले, "हा त निया नाही जी, जांभया हाये." निळ्याचा जांभळा झाला होता. ते रागावले नाहीत, पण त्यांचा चेहरा उतरलेला मला दिसला. त्या निळ्यासाठी लोकांनी घरोघरी फिरून वर्गणी गोळा केली होती. बॅनर मी पदरच्या पैशाने पुन्हा छापून दिला.

गावात नव्याने हे काम सुरू करणारी पोरं मला पहिला प्रश्न विचारतात, सॉफ्टवेअर कोणतं घेऊ? मी म्हणतो, रंग कसा निवडणार ते आधी ठरवा. सॉफ्टवेअर त्यावरून ठरतं.

सगळ्यात सोपी रीत ड्रॉपरची. फोटोवर क्लिक केलं की तिथला रंग उचलला जातो. फोटोशॉपमध्ये ब्रश हातात असताना ऑल्ट दाबायचं, गिंप आणि क्रिटा या सॉफ्टवेअरमध्ये कंट्रोल. जुन्या फोटोच्या कामात या रीतीला तोड नाही. तेरवीसाठी लोक आजोबांचा फोटो मोठा करून मागतात आणि हाती असतो पासपोर्टएवढा, गालावर बुरशीचा डाग पडलेला फोटो. अशा वेळी डागाच्या अगदी शेजारची त्वचा उचलायची, ब्रशचा फ्लो, म्हणजे त्यातून रंग किती सुटतो ते, दहाच्या आसपास ठेवायचा, दोन हात फिरवायचे, पुन्हा शेजारून उचलायचं. गालाचा रंग बोटभर अंतरात चार वेळा बदलतो. तो आकड्यांनी पकडायला बसलात तर रात्र जाईल.

पण ड्रॉपरची एक सेटिंग बहुतेकांनी बघितलेलीच नसते. फोटोशॉपमध्ये तो 'पॉइंट सॅम्पल'वर असेल तर नेमका एकच पिक्सेल उचलतो. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला फोटो दाबून लहान झालेला असतो. मोठा करून बघा, सपाट दिसणाऱ्या भागातही चौकोनी ठिपके दिसतील. त्यातला एक पिक्सेल मातकट, शेजारचा भडक. म्हणून सॅम्पल साइज '५ बाय ५ अ‍ॅव्हरेज' ठेवा. गिंपमध्ये हेच काम 'सॅम्पल अ‍ॅव्हरेज' करतं.

आणि फोटोतला रंग म्हणजे वस्तूचा रंग नव्हे. भर दुपारी सावलीत धरलेला झेंडा फोटोत निळसर पडतो, हिरव्या नेटखाली ठेवलेली संत्री हिरवट दिसतात. तो रंग उचलून बॅनरभर पसरवला की सावलीही सोबत पसरते.

दुसरी रीत पिकरची, म्हणजे पट्ट्या सरकवून रंग बनवायची. त्यात आरजीबीच्या, म्हणजे लाल, हिरवा, निळा यांच्या पट्ट्या असतात आणि ह्यू (कोणता रंग), सॅच्युरेशन (किती दाट), ब्राइटनेसच्याही (किती उजळ). नवशिक्याने ही ह्यूची मांडणीच धरावी, असं माझं ठाम मत आहे. आरजीबीत प्रत्येक पट्टी ० ते २५५, म्हणजे एकूण १ कोटी ६७ लाखांवर रंग. पण 'हाच रंग जरा फिका हवा' म्हटलं की तीनही पट्ट्या हलवाव्या लागतात. ह्यूच्या मांडणीत तसं नाही. ह्यू हे एक ३६० अंशांचं चक्र आहे: ० वर लाल, ६० वर पिवळा, १२० वर हिरवा, २४० वर निळा. १९७८ साली अ‍ॅल्वी रे स्मिथ यांनी ही मांडणी मांडली, आणि रंगाबद्दल आपण जसं बोलतो तशीच ती चालते: कोणता रंग, किती दाट, किती उजळ.

समजा, वरुड-मोर्शीकडच्या बागायतदाराला संत्र्याच्या पेटीवर लेबल हवंय. ह्यू ३० च्या आसपास धरा, हा झाला नारिंगी. आता ह्यू तोच ठेवून ब्राइटनेस चाळीस टक्क्यांपर्यंत उतरवा, अक्षरांसाठी तपकिरी मिळाला. ब्राइटनेस पुन्हा वर नेऊन सॅच्युरेशन पंधरावर आणा, मागची फिकी साय मिळाली. तिन्ही रंग एका घरातले वाटतात. हे ड्रॉपरने जमत नाही.

एक मात्र सांभाळा. या मांडणीतला ब्राइटनेस म्हणजे डोळ्यांना वाटणारा उजेड नव्हे. ब्राइटनेस १०० चा पिवळा पांढऱ्यावर विरघळून जातो, १०० चाच निळा ठसठशीत उठतो. छापण्याआधी डिझाइन एकदा कृष्णधवल करून बघा. अक्षरं वाचता आली नाहीत तर रस्त्यावरूनही वाचता येणार नाहीत.

तिसरी रीत आकड्यांची, आणि छापायचं असेल तर निर्णय इथेच घ्या. माझा निळा का फसला ते या आकड्यांत आहे. स्क्रीनवरचा तो निळा म्हणजे आरजीबीत ०, ०, २५५, निव्वळ प्रकाश. छपाईत प्रकाश नसतो, शाई असते, आणि निळा बनतो सायन (आकाशी) व मॅजेंटा (गडद गुलाबी) मिळून. फोटोशॉपच्या नेहमीच्या अमेरिकी प्रोफाइलवर, म्हणजे स्क्रीनचा रंग शाईत बदलायच्या कोष्टकावर, हा निळा सीएमवायकेत (सायन, मॅजेंटा, पिवळा, काळा या चार शायांत) नेला की सायन ८८ आणि मॅजेंटा ७७ टक्क्यांच्या आसपास येतो. दोन्ही इतके जवळ आले की डोळ्याला जांभळाच दिसणार. मॅजेंटा सायनपेक्षा निदान ३० ने कमी हवा. मी आता सायन १००, मॅजेंटा ६० ते ६५, पिवळा ०, काळा १० देतो.

या कामाला कोरलड्रॉ किंवा फोटोशॉप सरस, दोन्हींत सीएमवायकेत थेट काम होतं. कोरलमध्ये पॅलेटवरच्या रंगावर माउस दाबून धरला की त्याच्या जवळच्या छटा उघडतात, घाईत फार उपयोगी. क्रिटाही सीएमवायके चालवतं आणि फुकट आहे, पण त्याचा जीव चित्रं काढण्यात. गिंपही फुकट, जुन्या लॅपटॉपवर चालतं, मात्र फाइल आतून आरजीबीच राहते. फोटोपी ब्राउझरमध्ये उघडतं आणि फोटोशॉपची पीएसडी फाइल वाचतं, पण पहिल्यांदा सुरू करायला नेट लागतं.

म्हणून ज्याचं काम स्टुडिओचं, फोटो दुरुस्तीचं, त्याने गिंप घ्यावं आणि ड्रॉपर नीट शिकावा. पैसे प्रिंटरला ठेवा. ज्याला फ्लेक्स करायचे आहेत, त्याने कोरल किंवा फोटोशॉपचा खर्च करावा. स्क्रीन प्रिंटिंगच्या पत्रिकेला यातलं काहीच लागत नाही. तिथे शाई डब्यातून येते; प्रत्येक रंगाची वेगळी काळी फाइल द्या आणि शाईचा डबा स्वतः बघून या.

स्क्रीनवर विसंबू नका. लाइन गेली, लॅपटॉप बॅटरीवर आला की उजेड आपोआप उतरतो, आणि स्वस्त स्क्रीन जरा वाकवली तरी रंग पालटतो. माझ्या दुकानात भिंतीवर फ्लेक्सचा एक तुकडा लावलाय, दोन बाय तीनचा. ज्या मशीनवर छापून घेतो त्याच मशीनवरून काढलेला. त्यावर निळ्याचे बारा चौकोन, भगव्याचे आठ, हिरव्याचे सहा, प्रत्येकाखाली सीएमवायकेचे आकडे. गिऱ्हाईक आलं की मी स्क्रीन दाखवतच नाही, तक्त्यासमोर उभं करतो. ते बोट ठेवतात आणि त्या बोटाखालचे आकडे मी फाइलमध्ये भरतो. ऊन लागू नये म्हणून तक्ता दाराआडच्या भिंतीला आहे, आणि छपाईवाल्याने शाई बदलली की तो मी नवा काढून घेतो.