गळाबंद काळा कोट: अकरा महिन्यांच्या वापरानंतर

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात माझा गळाबंद काळा कोट दुसऱ्या ड्रायक्लीनिंगनंतर घरी आला, तेव्हा कॉलरच्या डाव्या बाजूवर हरभऱ्याएवढे तीन फुगे उठले होते आणि नऊ महिने ताठ उभी राहिलेली ती कॉलर हुकाजवळ आत कलंडत होती. कोटाच्या बाह्या, अस्तर, काजे, शिवण यांपैकी कशालाही धक्का लागलेला नव्हता. पण गळाबंद कोटात कॉलर बिघडली की बाकी सगळे धड असून उपयोग नसतो, आणि म्हणून या अनुभवातही मी बहुतेक कॉलरविषयीच लिहिणार आहे.

मी पुण्यात शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात वकिली करतो. वकिलाचा कोट म्हटले की उघड्या गळ्याचाच कोट डोळ्यांपुढे येतो; परंतु बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत पुरुष वकिलांसाठी गळ्यापर्यंत बटणे लावलेला काळा कोट, चपकन, अचकन (दोन्ही अंगरख्यासारखे लांब कोट) आणि काळी शेरवानी यांचा उल्लेख आधी आहे आणि उघड्या गळ्याचा कोट त्यानंतर येतो. खाली पँटऐवजी धोतरही चालते. माझे आजोबा शिक्षक होते. धोतर, गळाबंद कोट आणि काळी टोपी या वेषातला त्यांचा फोटो घरात आहे, आणि हा वेष मला सुटापेक्षा नेहमीच अधिक आपला वाटत आला आहे. शेरवानी घालून दुचाकीवर बसणे कठीण, आणि बिनबाह्यांचे जाकीट कोटाची जागा घेऊ शकत नाही. त्यामुळे गेल्या नोव्हेंबरमध्ये टेरीवूलचा गळाबंद कोट शिवून घेतला. कापड आणि शिलाई मिळून ९,८०० रुपये झाले.

पहिले चार महिने मी पूर्ण समाधानी होतो. उघड्या कोटात शर्टाची छाती दिसते, त्यामुळे शर्ट शुभ्र आणि कडक इस्त्रीचा लागतो. या कोटात तो झाकला जातो, म्हणून कॉलरच्या घडीवर विरलेले चार जुने शर्ट मी निर्धास्तपणे वापरले आणि वर्षभरात एकही नवा पांढरा शर्ट विकत घेतला नाही. वकिलांचा गळ्यातला पांढरा बँड कॉलरवरून बांधला की नीट बसतो, सरकत नाही. एप्रिलमध्ये मात्र मत बदलू लागले. उन्हाळ्यात जिल्हा न्यायालयात कोटाची सक्ती नसते, पण उच्च न्यायालयात ही सवलत नाही, आणि मुंबईला दोनदा जावे लागले तेव्हा मानेचा घाम थेट कॉलरमध्ये जिरला. हा कोट आपल्या हवेचा नव्हे, असे मला तेव्हा वाटले होते, आणि ऑगस्टमधल्या फुग्यांनी ते मत पक्के झाले.

ते मत चुकीचे होते. दोष गळाबंद कोटाचा नव्हता, कॉलरच्या आतल्या थराचा होता. टेलर ज्याला पेस्टिंग म्हणतात ते अस्तर गरम दाबाने कापडाला चिकटवलेले असते. घाम, वाफ आणि ड्रायक्लीनिंगचे द्रावण यांनी त्याचा गोंद सुटत जातो आणि कापड जागोजागी वर उचलले जाते. उघड्या कोटाची कॉलर दुमडलेली असते, मानेचा घाम शर्टाची कॉलर शोषते, आणि आत काही बिघडले तरी ते सहसा कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. गळाबंद कोटाची कॉलर मात्र समोरच्या माणसाच्या नजरेसमोर उभी असते. त्यामुळे पेस्टिंग इतर ठिकाणी खपून जाईल, येथे नाही.

माझ्या शिलाईच्या बिलावर ‘कॅनव्हास कॉलर’, म्हणजे आत गोंदाऐवजी टाक्यांनी धरलेले जाड कापड, असे लिहून ४५० रुपये वेगळे लावलेले होते. दुकानात गेलो तर दोष ड्रायक्लीनरचा असल्याचे सांगण्यात आले, आणि ड्रायक्लीनरने दुकानाकडे बोट दाखवले. दुकानाने कॉलरवर पुन्हा गरम इस्त्री दाबून दिली. चार दिवसांत फुगे परत आले. शेवटी मी काउंटरवरच कॉलरची खालची शिवण उसवायला लावली. आत पेस्टिंगच होते, कॅनव्हासचा धागाही नव्हता. ४५० रुपये परत मिळाले, पण कोट तसाच राहिला. पैशांपेक्षा मला राग आला तो लिहून दिलेल्या शब्दाची किंमत न राखल्याचा, आणि तो राग अजून गेलेला नाही.

कॉलर दुरुस्त केली ती घराजवळच्या एका वयस्क टेलरने. त्यांनी बकरम, म्हणजे कॉलर ताठ ठेवणारे आतले जाड कापड, आधी पाण्यात भिजवून, वाळवून आटवून घेतले, मग ते कॉलरच्या कापडाला हाताने तिरक्या टाक्यांनी धरले. मी खाली मान घालून फाइल वाचत असता कॉलर हनुवटीखाली रुतते हे त्यांनी न सांगता ओळखले आणि उंची दीड इंचावरून सव्वा इंचावर आणली. शिवाय आतून टिचबटणांनी लागणारी सुती पांढरी पट्टी करून दिली. घाम आता पट्टीत जिरतो, पट्टी रोज रात्री घरी धुतली जाते, आणि गेल्या दोन महिन्यांत कोट एकदाही ड्रायक्लीनिंगला द्यावा लागलेला नाही. दोन दिवसांचे काम, सहाशे रुपये. पावसात दोनदा भिजूनही कॉलरवर अजून एकही फुगा नाही.

दुसऱ्या कोटाचे कापड मी काल याच टेलरकडे दिले. कॉलर सव्वा इंच, माप घेताना गळ्यात एक बोट सैल, आत भिजवलेले बकरम, पट्ट्या सहा, आणि कॉलरचे अस्तर शिवून बंद करण्यापूर्वी मला आतून दाखवायचे, एवढे वहीत लिहून घेतले आहे.