मांजरपाटाची काळपट्टी आणि ब्राह्मीचा तक्ता: घरच्या शाळेत 9 महिने वापरल्यानंतर

आमची दोन्ही मुलं घरीच शिकतात. थोरली 11 वर्षांची, धाकटा 8 वर्षांचा. गणित-विज्ञानात फारसं अडलं नाही, गाडी रुतायची ती प्राचीन इतिहासात. गेल्या वर्षी साडेतीन हजार रुपये मोजून एक तयार संच ऑनलाइन मागवला होता. प्लास्टरच्या विटेत दडवलेला पिरॅमिड, ममीचं चित्र, रंगवायची पानं. दोन दुपारी मुलं रमली, तिसऱ्या दिवशी खोका माळ्यावर गेला. वीट फोडल्यावर आतून काय निघणार ते झाकणावरच छापलेलं होतं. शोधायला काही उरलंच नव्हतं.

म्हणून जूनपासून आम्ही घरीच साहित्य करायला घेतलं. 9 महिने ते रोज हाताळलं जातंय, तेव्हा आता खात्रीनं लिहिते.

पहिली वस्तू काळपट्टी, म्हणजे वर्षांच्या मापानं आखलेली लांब पट्टी. सुरुवातीला त्यासाठी बिलाच्या मशीनचा कागदी रोल वापरला. टिकावा म्हणून लॅमिनेशनला दिला, तर तो काळाकुट्ट होऊन बाहेर आला, कारण तो कागद उष्णतेनं काळा व्हावा असाच बनवलेला असतो. मुलांची तीन आठवड्यांची मेहनत त्यात गेली. धाकटा फार रडला. तुम्ही तो कागद घेऊ नका. नंतर साडेपाच मीटर मांजरपाट आणला. दुकानदारानंच लांबीत टर्रकन फाडून वीतभर रुंदीच्या पट्ट्या करून दिल्या. माप ठरवलं 1 सेंटीमीटरला 10 वर्षं. इ. स. पूर्व 3000 पासून आजपर्यंत 5 मीटरला जरा जास्त कापड लागतं. हॉलच्या दोन भिंती भरल्या. इसवी सन जिथे सुरू होतो तिथे लाल दोरा शिवला. "शून्य साल कुठंय?" हा प्रश्न त्याच दिवशी आला. इ. स. पूर्व 1 नंतर थेट इ. स. 1 येतं, हे दोऱ्यावर बोट ठेवून सांगता आलं.

कापडावर थेट लिहीत नाही. शाई पसरते, शिवाय तारखाही सरकतात. त्यामुळे सगळं चिठ्ठ्यांवर, सेफ्टी पिनेनं टाचलेलं. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या दायमाबादला 1974 मध्ये कांस्याचे हत्ती, गेंडा, रेडा आणि रथ सापडले. त्यांच्या काळाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. थोरली नवीन काही वाचते तशी ती चिठ्ठी हलवते, तिथे आता पिनेची पाच भोकं आहेत. इतिहासात वाद पुराव्यावरून होतात, हे तिला त्या भोकांनी शिकवलं.

या पट्टीचा खरा परिणाम मात्र दुसऱ्याच ठिकाणी दिसला. धाकट्यानं शिवाजी महाराजांची चिठ्ठी लावली. 1630 ते 1680, म्हणजे फक्त 5 सेंटीमीटर. तो हिरमुसला. "एवढंच?" मग त्यानं मोजपट्टी घेऊन इनामगाव मोजलं. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी डेक्कन कॉलेजनं उत्खनन केलेलं हे गाव साधारण इ. स. पूर्व 1600 ते 700 वसलेलं होतं. ते भरलं 90 सेंटीमीटर. एकही राजा ठाऊक नसलेलं गाव एवढं लांब, याचं त्याला इतकं नवल वाटलं की पुढचा महिनाभर घरात इनामगावच चाललं होतं.

मग घरीच उत्खननाचा खेळ मांडला. त्यासाठी भाजीच्या क्रेटमध्ये मुरूम, राख आणि माती असे तीन थर भरले. कुंभाराकडून फुटकी खापरं आणली आणि काहींवर काळ्या रंगानं जोर्वे पद्धतीच्या (इनामगावात सापडणाऱ्या भांड्यांसारख्या) रेघा काढून ती पुरली. नियम एकच: खोली मोजून वहीत लिहिल्याशिवाय खापर उचलायचं नाही. पहिल्या दिवशी भांडणं झाली, तिसऱ्या खेपेला धाकटाच ताईला म्हणाला, "थांब गं, आधी माप!" इनामगावात लहान मुलांना घराच्या जमिनीखाली, दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यात पुरत, हे सांगावं की नाही याचा मी बरेच दिवस विचार केला. सांगितलं. मुलं गप्प झाली. "घरातच का?" असं थोरलीनं विचारलं. त्या लोकांकडे लिपी नव्हती, त्यामुळे त्यांचं कारण त्यांच्या शब्दांत आपल्याला मिळत नाही, एवढंच मी म्हणाले. लिपीची ओढ तिला तिथून लागली.

दुसरी वस्तू ब्राह्मीचा, म्हणजे सम्राट अशोकाच्या काळातल्या लिपीचा, तक्ता. या सगळ्यातलं सर्वांत मोलाचं तेच. पण तक्ता मी आधी दाखवला नाही. साँचीच्या स्तूपाच्या कठड्यांवरचे 6 छोटे लेख जाड कागदावर उतरवून दिले आणि विचारलं, "यात काय सारखं दिसतंय?" वीसेक मिनिटं दोघं जमिनीवर पालथी पडून बघत होती. मग थोरली म्हणाली, "आई, शेवटची दोन अक्षरं सगळीकडे तीच आहेत, आणि शेवटी टिंब आहे." ते होतं 'दानं'. 1837 मध्ये ब्राह्मी उलगडणाऱ्या जेम्स प्रिन्सेपलाही साँचीच्या लेखांत हाच धागा सापडला होता, हे मी तिला त्यानंतर सांगितलं. तिचा चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे. पुढचं सोपं गेलं: क म्हणजे अधिकचं चिन्ह, ठ नुसतं वर्तुळ, थ वर्तुळात टिंब. तीन आठवड्यांत ती दोघं फ्रिजवर ब्राह्मीत निरोप लिहायला लागली.

नोव्हेंबरात कार्ल्याची लेणी बघायला गेलो. एकवीरेच्या दर्शनाची गर्दी असते, म्हणून आडवारी सकाळी लवकर जा. बरोबर टॉर्च हवीच. समोरून प्रकाश टाकला तर काही दिसत नाही, बाजूनं धरला की अक्षर उठून येतं. दगडाला हात लावायचा नाही, हे मुलांना आधीच बजावलं होतं. चैत्यगृहातल्या, म्हणजे लेण्यातल्या प्रार्थनागृहातल्या, खांबांवर दात्यांची नावं आहेत. धेनुकाकट या गावच्या सिहधय नावाच्या यवनाचा (तेव्हा हा शब्द ग्रीकांसाठी वापरत) लेख 'थंभो दानं' असा संपतो. थोरलीनं 'थंभो' वाचलं, खांबाकडे पाहिलं आणि ओरडली, "खांब! खांबच म्हणतोय तो!" दोन हजार वर्षांपूर्वीची प्राकृत तिला कुणी अर्थ न सांगता कळली.

डिसेंबरात जुन्नरजवळचा नाणेघाट. तिथे सातवाहनांच्या मूर्तींची आता फक्त पावलं उरली आहेत, वर नावं कोरलेली. सातवाहन राणी नागनिकेच्या लेखात दान दिलेल्या गाई आणि कार्षापण नाण्यांचे आकडे आहेत. दहाला, शंभराला, हजाराला वेगवेगळ्या खुणा आणि शून्य नाहीच. धाकट्यानं घरी येऊन त्या खुणांनी किराण्याची यादी लिहिली.

उणिवाही आहेत. पालकाचा वेळ फार जातो, आठवड्याला माझे तीन तास तयारीतच जातात. महाराष्ट्राबाहेरचं मागे राहतं. गिझाचा मोठा पिरॅमिड आणि मोहेंजोदडो पट्टीवर शेजारी आले, तेवढी एक दुपार सोडली तर इजिप्त-सुमेर आमच्याकडून नीट झालेलं नाही. गौतम बुद्ध आणि महावीर पाठ्यपुस्तकातूनच करावे लागले. बालभारतीचं सहावीचं पुस्तक सोबत ठेवाच.

सासूबाई सुरुवातीला काळजीनं विचारायच्या, "अगं, पण परीक्षेचं काय?" राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळाची पाचवीच्या स्तराची परीक्षा थोरली देणार आहे, हे त्यांना सांगितलं. आता सासूबाईच दुपारी चिठ्ठ्या कापून देतात. त्यांच्या जन्मसालाची चिठ्ठी नातवानं लावली तेव्हा आजपासून तिचं अंतर त्यांनी स्वतः मोजपट्टीनं मोजलं. 7 सेंटीमीटर आणि 2 रेघा.

सगळा खर्च, दोन्ही सहली धरून, त्या खोक्याच्या निम्म्यापेक्षा थोडा जास्त झाला. कापड साडेपाचऐवजी 6 मीटर घ्या. धुतल्यावर मांजरपाट आटतो, तेव्हा आधी धुऊन, वाळवून मगच मापं आखा.