झाकीर खान: 'हक से सिंगल' की 'तथास्तु'?

स्टँडअप कॉमेडियन झाकीर खानचा २०१७ चा शो 'हक से सिंगल' मित्रांसोबत बघावा. 'सख्त लौंडा', म्हणजे मुलींसमोर न विरघळणारा पोरगा, तिथलाच. कॉलेजातली पोरं तो शब्द अजून वापरतात. हशा भरपूर, पण दुसऱ्यांदा बघताना पुढचा विनोद आधीच कळतो.

२०२२ चा 'तथास्तु' मात्र मी पुन्हा पुन्हा लावते. त्यात इंदूरचं घर आहे, सारंगीवादक आजोबा उस्ताद मोइनुद्दीन खान आहेत. आजोबांबद्दल बोलताना त्याचा आवाज खाली येतो, प्रेक्षागृह चिडीचूप होतं आणि त्याच शांततेतून तो पुन्हा हसवतो. ही ताकद २०१७ मध्ये त्याच्याकडे नव्हती. पहिल्यांदाच बघणार असाल तर 'हक से सिंगल'पासून सुरुवात करा. माझं मत मात्र 'तथास्तु'लाच, आणि तो आईबाबांसोबत बघा.