रेसिडेंट ईव्हिल ४: जुना की नवा?

२०२३चा रिमेक संपवला आणि लगेच २००५चा मूळ गेम पुन्हा लावला. नायक लिऑन तोच, स्पेनमधलं खेडं तेच, अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या मुलीला, अ‍ॅशलीला, सोडवायचं कामही तेच. पण कंट्रोलर हातात घेतल्यावर फरक लगेच कळतो.

जुन्यात बंदूक रोखली की पाय जागीच खिळतात. आजच्या पोरांना हा मागासपणा वाटेल. मला तर सगळी भीती तिथेच दिसते. गावकरी कुऱ्हाडी घेऊन अंगावर येताहेत, आणि तुम्ही एक तर नेम धरा नाहीतर पळा. दोन्ही एकदम जमत नाही. रिमेकमध्ये चालता चालता गोळी झाडता येते, म्हणून शत्रूही जास्त चपळ केलेत. सुरीने चेनसॉसुद्धा अडवता येते, आणि तो क्षण झकासच! बदल्यात सुरी झिजते, मोडते, मग व्यापाऱ्याकडे दुरुस्तीचा खर्च. जुनी सुरी अमर होती.

अ‍ॅशलीच्या बाबतीत मात्र नव्याला पैकीच्या पैकी. तिची वेगळी हेल्थ सांभाळावी लागत नाही, आणि ती माणसासारखी बोलते. बेटाचा भाग दोन्हीकडे रटाळ.

जुन्याचा वात्रटपणा नव्यात पातळ झालाय. किल्ल्याचा मालक असलेल्या खलनायक सालाझारचा अवाढव्य पुतळा पूर्वी धाडधाड मागे लागायचा; आता नुसता उभ्या उभ्या आग ओकतो. हे का केलं, कोण जाणे.

पहिल्यांदाच खेळणार असाल तर रिमेक घ्या. मी पुन्हा लावेन तो २००५चाच.